एक वाक्य राहिलंय

ता. ३, सोमवार

आधी तक्रार, नमस्कार मागून. बाहत्तर वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, बेचाळीस पायऱ्या चढून दाराशी उभी आहे, आणि आतून सख्खी नात ओरडते की आजी, जरा थांब, एक वाक्य राहिलंय. थांबले. खालच्या मजल्यावर कुणीतरी दूध तापत ठेवलं, ते उतू गेलं, करपट वास वर आला, तरी हिचं वाक्य संपेना. दार उघडलं तर तोंडात पेन. पाणी विचारायचं सोडून माझ्याकडे अशी बघत राहिली जसा शिंपी गिऱ्हाईकाकडे बघतो.

हं. आता नमस्कार.

पायऱ्या बेचाळीस हे मी उगाच लिहीत नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्याची प्रत्येक पायरीशी ओळख होते. एकोणीस झाल्या की वळण, वळणावर खिडकी, मग तेवीस.

घर मात्र झकास. दोन खोल्या, रस्त्यावर उघडणारी गॅलरी, खिडकीशी माझा पलंग, नळाला गरम पाणी. स्वयंपाकघरात कुठल्या डब्याला हात लावायचा आणि कुठल्या नाही असं सांगणारं कुणी नाही. लेकाच्या घरी सुनेला आणि मला मिळून एक ओटा पुरत नव्हता. त्यात नातीचा फोन आला, आजी, इकडेच ये राहायला, मला तू हवी आहेस. मी कुणाला हवी आहे हे इतक्या वर्षांनी ऐकून मीच फोनकडे दोनदा पाहिलं. पिशवी भरायला अर्धा तास लागला नाही. आज खूश आहे मी, लिहून ठेवते, पुन्हा लिहायची वेळ येईल न येईल.

नातीला मी काडी म्हणते. जन्मली तेव्हापासून तशीच आहे, वर डोकं आणि खाली काही नाही. ही वही तिनंच दिली. रोज लिही म्हणाली, बोलतेस तसंच लिही. माझी शाळा तिसरीत सुटली, पण अक्षर माझं वळणदार आहे. हिच्यासारखं मुंग्या चिरडल्यासारखं नाही. काडी, तू ही वही चोरून वाचणार आहेस हे मला ठाऊक आहे. वाच. तोंडावर बोलायला मी भीत नाही आणि लिहायलाही नाही.

हिची आई म्हणजे माझी लेक. तिला जाऊन तीन वर्षं झाली. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही.

ता. ४, मंगळवार

हिचं काम पाहिलं. सकाळी दोन तास यंत्रांची माहितीपत्रकं लिहिते, कुठलं बटण दाबायचं ते. तिथे खोटं चालत नाही म्हणे. मग बारापर्यंत गोष्टी, त्यात सगळं खोटं. मी तसं म्हटल्यावर चिडली. म्हणाली, आजी, खोटं एकच असतं. एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचं सगळं खरं ठेवायचं, अगदी चमच्यापर्यंत. मी म्हटलं, तुझे आजोबाही असंच करायचे, उशिरा घरी आले की. त्यावर हसली. हसली की आईसारखी दिसते, म्हणून मी भांड्यांकडे वळले.

गोष्टी मासिकांना पाठवते. मासिकवाले परत पाठवतात. नकाराची पत्रं तिनं न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवली आहेत. बसल्या बसल्या सगळी वाचून काढली. सगळ्यांना आवडली आहे आणि सगळ्यांचं "परंतु" आहे. त्यात एक मोठं मासिक आहे, त्याची सात पत्रं. तिथे छापून येण्यासाठी ही जीव टाकते. तिथे दोन हजार शब्दांच्या वर एक शब्द चालत नाही. ही शब्द मोजते, खोडते, पुन्हा मोजते. चहाला हाक मारली तर म्हणते, अजून सोळा काढायचेत.

दुपारी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवते आणि शेवटी विचारते, पटलं का? आवडलं का नाही विचारत. पटलं का. पूर्वी वरच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याला वाचून दाखवायची. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, आता निवृत्त आहे. तो आता येत नाही. का, ते सांगितलं नाही.

मी आज म्हटलं, नाही पटलं. तोंड एवढंसं झालं. बरं वाटलं मला.

ता. ६, गुरुवार

आजची गोष्ट एका इमारतीची. ती इमारत आपली एक पायरी गिळते आणि राहणाऱ्यांना पत्ता लागत नाही, कारण पाय आपोआप सवय करून घेतात. वाचायला लागली ती थांबेना. साडेतीन झाले, चार वाजत आले. माझं डोकं चहावाचून ठणकायला लागलं. शेवटी पटलं का विचारल्यावर मी म्हटलं, पटलं बाई, पटलं, आता आधण ठेव.

तिनं आधण ठेवलं. साखर ओट्यावर सांडली.

ता. ७, शुक्रवार

पाव आणायला खाली गेले. येताना मोजल्या. एकोणीस, वळण, खिडकी, मग बावीस.

एकेचाळीस.

पुन्हा खाली उतरले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. पुन्हा एकेचाळीस. तिसऱ्यांदाही. काडीला सांगितलं तर म्हणते, आजी, पहिल्यापासून एकेचाळीसच आहेत, वय झालं तुझं. वय झालं असेल, पण सोमवारी मी वहीत बेचाळीस लिहिलंय. पान उघडून तिच्या नाकासमोर धरलं. तिनं वाचलं, आणि माझ्या अक्षराचं कौतुक करून निघून गेली.

ता. ९, रविवार

चष्मेवाला वळणावरच्या खिडकीशी भेटला. मी मोजत चढत होते. तो म्हणाला, मोजू नका आजी, मोजल्यानं परत येत नाही.

डावा हात कोटाच्या खिशात. मी असल्या बाबतीत भीड ठेवत नाही, विचारलं काय झालंय. त्यानं बाही वर केली. मनगटाशी हात संपला होता. जखम नाही, व्रण नाही, गुळगुळीत. जन्मताच नव्हता असा.

दोन वर्षं तो काडीचा पहिला ऐकणारा होता. गेल्या वर्षी तिनं त्याच्यावरच एक गोष्ट लिहिली, मुद्रितं तपासणाऱ्या म्हाताऱ्याची. त्यानं ऐकली, म्हणाला पटली. नंतर गोष्ट छोट्या मासिकात छापायला गेली तेव्हा सोळा शब्द जास्त भरले. काडीनं एक वाक्य काढलं. त्यात म्हाताऱ्याचा डावा हात होता. दुसऱ्या दिवशी तो सकाळी दाढी करायला उठला आणि साबण धरायला काही नव्हतं.

त्यानं मला नीट समजावलं, शाळामास्तर समजावतो तसं. ती लिहिते त्यानं काही होत नाही. ऐकणाऱ्यानं पटलं म्हटलं की होतं. आणि एकदा पटलं की नंतरच्या छाटणीला पुन्हा कुणाला विचारायची गरज पडत नाही. ती जे खोडेल ते जातं.

मी विचारलं, मग पोलिसात का नाही गेलात. तो म्हणाला, काय सांगू, माझा हात छाटणीत गेला?

मी म्हटलं, तुम्ही पुरुष लगेच विरघळता. माझ्या तोंडून पटलं काढून दाखवावं तिनं. चुका काढायला माझ्यासारखं कुणी जन्मलेलं नाही, सुनेला विचारा.

ता. ११, मंगळवार

काडीला समोर बसवून विचारलं. नाकारलं नाही. बटण कुठलं दाबायचं ते सांगावं तितक्या थंडपणे म्हणाली, पायरी मुद्दाम होती. तुझं पटणं चालतं का ते बघायचं होतं.

मी म्हटलं, मला इथे कशाला बोलावलंस. तिनं टेबलाच्या खणातून कागद काढले.

आता लिहिते, कारण लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी लेक रुग्णालयात कपडे धुण्याच्या विभागात कामाला होती. दुपारची पाळी संपली की चारला घरी जाताना इथे थांबायची. धाप लागायची म्हणून वर चढायची नाही. खालून हाक मारायची, ही गॅलरीत यायची, दोघी दोन शब्द बोलायच्या. त्या दिवशी तिनं तीन हाका मारल्या. ही खुर्चीतून उठली नाही. एक वाक्य राहिलं होतं. लेक वळली, रस्ता ओलांडायला निघाली, आणि ट्रक आला. हे काडीनं तीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मला आज सांगितलं. मला हे माहीत नव्हतं.

तिची गोष्ट एवढीच. एकच बदल. तिसऱ्या हाकेला मुलगी ओ देते, खाली जाते, आई तिचा हात धरते, दोघी मिळून वर येतात, चहा पितात.

मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तीही म्हणाली की तू आईसाठी एकदा तरी रडलीस का, दगड आहेस तू. मी म्हटलं, दगडाला पाझर फोडायला आणलंस होय मला? तर म्हणाली, हो. तिला ओळखणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. पटायचं तर तुलाच पटायला हवं.

मेलेल्या माणसाला मासिकात छापून परत आणणार म्हणे.

ता. १२, बुधवार

वाचून दाखवलं. सपशेल खोटं. माझी लेक "अगं बाळा" म्हणून हाक मारते त्यात. उभ्या जन्मात तिनं कुणाला बाळा म्हटलं नाही. आधी दोनदा खाकरायची आणि मग म्हणायची, ए बाई, आहेस का? तसं सुनावलं तिला. नाही पटलं.

ता. १३, गुरुवार

आज दुसरं. त्यात आईच्या अंगाला फुलांचा वास. मी पोट धरून हसले. ब्लीचचा वास यायचा तिला, डोळे चुरचुरतील असा, आंघोळ केली तरी जायचा नाही. आणि शाल कसली घालतेस तिला, निळा स्वेटर असायचा, मी विणलेला, डावी बाही दोन बोटं लांब. आणि गुपचूप उभी राहायची होय ती? किल्ल्यांचा जुडगा कठड्यावर आपटायची सारखी, टक, टक, टक, माणसाला वेड लागावं. नाही पटलं, नाही पटलं, नाही पटलं.

काडी मान खाली घालून लिहीत होती. मला वाटलं रडतेय.

ता. १५, शनिवार

गाढव आहे मी. तिसरी शिकलेली, बाहत्तर वर्षांची गाढव.

दुपारी तिनं वाचलं. खाकरणं दोनदा. ए बाई, आहेस का. ब्लीच. डावी बाही. किल्ल्या. शिवाय भुवईवरचा व्रण, लहानपणी चुलीवर पडली होती तो. तो मी तोंडी सांगितलाच नव्हता, शुक्रवारी एका पानावर लिहिला होता. ते पान वहीत नाही. फाडलं तिनं.

वाचून झाल्यावर पटलं का विचारलंच नाही. म्हणाली, आजी, आता काय चुकलंय ते सांग.

मी तोंड उघडलं. काहीच सापडेना. सवयीनं शोधत राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, आता बरोबर आहे.

ता. १७, सोमवार

चारला खालून कुणीतरी दोनदा खाकरलं.

ए बाई, आहेस का?

मी गॅलरीत जायला उठले. माझी लेक होती, मी जन्माला घातलेली, पाय आपोआप निघाले. काडीनं दंड धरला. आज एकच, पहिली हाक, ती रिकामी जाते, तसं लिहिलंय, म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. किल्ल्या कठड्यावर वाजल्या, मग थांबल्या. वर पूर्ण अर्धा तास ब्लीचचा वास.

खोटं का बोलू, रात्री भात जास्त लावला. येईल म्हणून.

ता. १८, मंगळवार

मोठ्या मासिकाचं पत्र आलं. गोष्ट घेतली. काडी खोलीभर नाचली. मग खालची ओळ वाचली. एकशे साठ शब्द जास्त आहेत. आईचं वर्णन फार झालं, छाटा. शेवटचा चहाही नको, हात धरला तिथेच संपवा, उघडा शेवट चांगला वाटतो.

मी पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, चष्मेवाल्याचा हात आठव. मासिक गेलं खड्ड्यात, गोष्ट आहे तशी ठेव. तिला समजत होतं, मी तिच्या तोंडावर बघत होते. पण सात नकार, न्हाणीघराचं दार, ते सगळं एका बाजूला. म्हणाली, सात वर्षं थांबलेय मी. आणि वर्णन काढलं म्हणून आई बदलत नाही, आवाज तर तोच आहे ना. आणि चहा वाचणारा मनात पितो.

पेन घेतलं. मोजत खोडत होती. मी बाजूला बसून बघितलं. भुवईवरचा व्रण. भुवया. डोळे. मुलीचं नाव, ते चार ठिकाणी होतं म्हणून चार शब्द वाचले. चहा. वर येणं.

बरोबर दोन हजार. पाठवून दिली. खोडणं चालू होतं तोवर चार वाजून गेले, आज खालून हाक आली नाही.

ता. १९, बुधवार

चार वाजता. दुसरी हाक.

आवाज तोच. मी गॅलरीतून पाहिलं, काडीनं पाहिलं नाही, ती आत बूट घालून बसली होती. निळा स्वेटर. डावी बाही लांब. किल्ल्या. ती वर बघत होती. बघत होती म्हणजे मान वर केलेली होती. पाटीवरून ओलं फडकं फिरवावं तसं तिथे—

पुसलेलं होतं.

तरी हाक आली. कुठून आली ते नाही दिसलं.

काडीला सांगितलं. तिनं कानांवर हात ठेवले. उद्या ओ द्यायची, एवढंच म्हणत राहिली. उद्या मी उठणार, आजी. या वेळी उठणार.

वर गेले, चष्मेवाल्याला विचारलं, दोघींनी तोंड मिटून बसलं तर? तो म्हणाला, पटलेलं टळत नाही. रोज चारला येईल. आणि तुमची नात एक ना एक दिवस ओ देईलच. मी विचारलं, हात धरल्यावर कुठे नेते? तो म्हणाला, पुढे काही लिहिलेलंच नाही, आजी. पुढे काही नाही.

ता. २०, गुरुवार

सकाळपासून बूट घालून दारात. तीनला मी म्हटलं, आतल्या टेबलावर बघ, मासिकाचं काहीतरी आलंय. गेली. मी बाहेरून कडी लावली.

दार बडवलं तिनं. दगड म्हणाली, म्हातारी चेटकी म्हणाली, तूच मारलंस म्हणाली. आता दाराला कान लावून बसली आहे, फटीतून सावली दिसतेय. तिसऱ्या हाकेची वाट बघतेय.

मी बोलत नाही. इथे तोंडातून निघेल ते ओ धरलं गेलं तर काय घ्या. म्हणून लिहितेय. काडी, ही वही दाराखालून सरकवणार आहे. पेन तुझ्याकडे आहेच.

चार वाजले.

खाकरणं. आज खाली रस्त्यावर नाही. जिन्यात.

तिला धाप लागायची म्हणून वर येत नसे. ते धाप लागणंही तू छाटलंस काय गं?

किल्ल्या. एक एक पायरी, एक एक टक. एकोणीस—

वळण. वास आला. डोळ्यांतून पाणी येतंय माझ्या, ते ब्लीचनं, उगाच काही समजू नकोस.

ऐक. छाटलेली गोष्ट मी लक्ष देऊन ऐकली आहे. तिसऱ्या हाकेला जी ओ देते तिचा हात ती धरते. मुलीचं नाव तू खोडलंस. आता तिथे कुणाचंच नाव नाही. मी तिची आई आहे, ती लहान होती तेव्हा बारा महिने तिच्या हाका ऐकत मी घर सांभाळलंय. ओ द्यायची सवय तुझ्यापेक्षा मला जास्त.

तेहेतीस. चौतीस.

चष्मेवाल्याला सांगितलंय, नंतर येऊन कडी काढेल. सुनेला कळव. माझा पलंग खिडकीशीच राहू दे.

त्या दिवशी नाही उठलीस, त्याचं ओझं टाक आता. आज मी सांगतेय म्हणून उठू नकोस. टेबलाशी बस. एक वाक्य राहिलं असेल ते लिही. मनात वाच हवं तर, कान झाकून.

चाळीस—

एकेचाळीस. दाराशी आहे. खाकरली. एकदा.

काडी, तू तोंड उघडायचं नाही. हाक माझ्या लेकीची आहे. ओ मी द्यायची, तू ना